सगळ्यांचे खाते क्रमांक १०१

जुलै २०११ मध्ये जावाची सातवी आवृत्ती बाहेर पडली आणि त्यानंतर अनेक प्रकल्पांत एकच कोडे उभे राहिले. वर्षानुवर्षे बिनतक्रार पास होणाऱ्या टेस्ट नव्या जावावर अधूनमधून फेल होऊ लागल्या. प्रोग्रामची एक ओळही कोणी बदललेली नव्हती. टेस्टलाही कोणी हात लावला नव्हता. तरी सकाळी पास झालेली टेस्ट दुपारी फेल होई आणि कारण शोधायला एकटीच चालवून पाहिली, की पुन्हा पास होई.

कारण सापडले ते असे. जेयुनिट हे जावातले टेस्ट चालवण्याचे जुने आणि सर्वाधिक वापरातले साधन. एखाद्या क्लासमध्ये कोणकोणत्या मेथड आहेत, हे ते जावालाच विचारते आणि मिळालेल्या यादीतल्या टेस्ट चालवते. जुन्या आवृत्त्यांत ही यादी बहुतेक वेळा फाइलमध्ये मेथड ज्या क्रमाने लिहिल्या असतील त्याच क्रमाने यायची. ती तशी येईल असे वचन जावाने कधीच दिले नव्हते. या यादीला कोणताही ठरावीक क्रम नसतो, असे जावाच्या अधिकृत माहितीपत्रात आधीपासूनच लिहिलेले होते. सातव्या आवृत्तीत व्हर्च्युअल मशीनच्या आतली मांडणी बदलली आणि हा आयता मिळणारा क्रम गेला. वरची टेस्ट आधी आणि खालची नंतर, या अघोषित रिवाजावर किती टेस्ट उभ्या होत्या, ते तेव्हा कळले.

जेयुनिटच्या मंडळींनी २०१२ मध्ये ४.११ या आवृत्तीत यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. त्यांनी मेथडच्या नावावरून एक आकडा काढून त्यानुसार क्रम लावला. त्यामुळे क्रम दर वेळी तोच राहतो, पण फाइल वाचून तो ओळखता येत नाही. २०१७ च्या जेयुनिट ५ मध्येही हेच धोरण कायम ठेवले आहे. निकाल स्थिर राहावा, पण क्रमावर विसंबून कोणी टेस्ट लिहू नये, असे दोन्ही हेतू त्यात साधले आहेत.

पण मुळात एका टेस्टला दुसरीच्या आधी किंवा नंतर चालण्याने फरक का पडावा?

समजा, एका पतसंस्थेसाठी जावामध्ये प्रणाली लिहिली जात आहे. टेस्ट म्हणजे या मोठ्या प्रोग्रामचा एखादा भाग तपासणारा छोटा प्रोग्राम. ती आधी परिस्थिती उभी करते, मग एखादी कृती करवते आणि शेवटी निकाल अपेक्षेप्रमाणे आला का ते बघते. खात्यात ५,००० रुपये आहेत, २,००० काढले, ३,००० उरले पाहिजेत, ही झाली एक टेस्ट. बचत खात्यावर सालिना ४ टक्के सरळव्याज धरले तर ५,००० वर वर्षाचे २०० रुपये झाले पाहिजेत, ही दुसरी. दोन्हींना ५,००० रुपये शिल्लक असलेले एक खाते लागते. प्रत्येकीत ते वेगळे तयार कशाला करायचे, म्हणून प्रकल्पाच्या सुरुवातीला कोणीतरी एक फाइल केली. टेस्ट सुरू होण्याआधी ती एकदाच डेटाबेसमध्ये भरली जाते. तिच्यात खाते क्रमांक १०१ आहे, शिल्लक ५,०००. दोन्ही टेस्ट तेच खाते वापरतात.

व्याजाची टेस्ट आधी चालली तर दोन्ही पास. पैसे काढण्याची आधी चालली, तर व्याजाच्या टेस्टमध्ये लाल अक्षरांत ओळ येते: अपेक्षित २००, मिळाले १२०. ज्याच्याकडे हे काम येते तो डेव्हलपर अर्धा दिवस व्याजाचे सूत्र तपासत बसतो. सूत्र बिनचूक आहे. १२० हे ३,००० वरचे अगदी बरोबर व्याज आहे. चूक तिसरीकडेच आहे, आणि चूक करणारी टेस्ट तर हिरवी दिसते आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

या प्रकाराचा नीट अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन शाखेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांतले २०१ बदल तपासले. बेभरवशाच्या, म्हणजे कधी पास तर कधी फेल होणाऱ्या टेस्ट दुरुस्त करण्यासाठीचे हे बदल होते. अशा टेस्टना जगभर फ्लेकी टेस्ट म्हणतात. ज्यांचे मूळ निश्चित करता आले, त्यांत सुमारे ४५ टक्के वेळा कारण होते एखाद्या कामाची नीट वाट न पाहणे. सुमारे २० टक्के वेळा एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडची आपसांतली धडक होती. तिसरा क्रमांक आपल्या विषयाचा. सुमारे १२ टक्के टेस्ट चालण्याच्या क्रमावर अवलंबून होत्या. याच विद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये या तिसऱ्या कारणाची आणखी फोड केली. सामायिक स्थिती बिघडवून जाणारी टेस्ट वेगळी आणि तिच्यामुळे बळी पडणारी वेगळी, हे त्यांनी स्पष्ट मांडले. त्यांनी आणखी एक जात दाखवली, आणि मला ती जास्त घातक वाटते. ही टेस्ट एकटी चालवली तर फेलच होते. आधीच्या कोणीतरी नकळत तिची सोय करून ठेवलेली असते, म्हणूनच ती पास होते. आधीची टेस्ट कोणी अनावश्यक म्हणून काढून टाकली, की हिचा आधार जातो, आणि काढणाऱ्याला या नात्याचा पत्ताही नसतो.

जेयुनिटच्या मूळ रचनेत या संकटाची जाणीव होती. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झ्यूरिकहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिटची पहिली आवृत्ती लिहिली. तेव्हापासूनचा तिचा एक नियम असा, की एका क्लासमध्ये दहा टेस्ट असतील तर त्या क्लासची दहा वेगवेगळी ऑब्जेक्ट तयार होतात, प्रत्येक टेस्टसाठी नवे कोरे. एका टेस्टने आपल्या ऑब्जेक्टमधल्या चलात काही लिहिले तरी ते दुसरीपर्यंत पोचत नाही. हा जाणूनबुजून उभारलेला बांध आहे. जेयुनिट ५ मध्ये तो मुद्दाम सांगून काढून टाकता येतो, पण मुळात तो असतो. सेड्रिक ब्यूस्ट यांनी २००४ मध्ये आणलेल्या टेस्टएनजी या साधनाने उलट बाजू घेतली. त्यात क्लासमधल्या सगळ्या टेस्ट एकाच ऑब्जेक्टवर चालतात आणि अमुक टेस्ट तमुक टेस्टनंतरच चालव, असे उघडपणे सांगताही येते. ब्यूस्ट यांचा मुद्दा पोकळ नाही. सर्व्हर सुरूच झाला नसेल तर पुढच्या शंभर टेस्ट फेल करून दाखवण्यापेक्षा त्या वगळलेल्या बऱ्या. अवलंबित्व हवेच असेल तर ते निदान लिहून ठेवलेले असावे, इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे. मात्र रोजच्या छोट्या टेस्टच्या बाबतीत मला बेक आणि गामा यांचाच बांध हवा.

अडचण अशी, की हा बांध ऑब्जेक्टपुरताच आहे. जावामध्ये ज्याला स्टॅटिक म्हणतात ते चल ऑब्जेक्टचे नसते, क्लासचे असते. क्लास एकदा मेमरीत आला, की व्हर्च्युअल मशीन बंद होईपर्यंत सहसा तिथेच राहतो. मेव्हन हे बिल्ड करण्याचे साधन वापरणाऱ्या प्रकल्पांत टेस्ट चालवण्याचे काम शुअरफायर हे प्लगइन करते. काही वेगळे सांगितले नाही तर एका मॉड्यूलमधल्या सगळ्या टेस्ट ते एकाच व्हर्च्युअल मशीनमध्ये, एकामागून एक चालवते. म्हणजे पहिल्या क्लासने स्टॅटिक चलात ठेवलेली गोष्ट चाळिसाव्या क्लासलाही दिसते. त्यात हे क्लास कोणत्या क्रमाने घ्यायचे, हे शुअरफायर मुळात फाइल सिस्टिमवर सोपवते. विंडोजच्या एनटीएफएसवर फाइली बहुधा नावाच्या क्रमाने मिळतात, लिनक्सच्या ईएक्सटी४ वर तशा मिळत नाहीत. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर पास आणि बिल्ड सर्व्हरवर फेल, या रोजच्या भांडणामागे कितीदा तरी एवढेच असते.

आणि डेटा म्हणजे फक्त डेटाबेसमधल्या ओळी, असे समजून चालत नाही. याचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. जावाच्या व्हर्च्युअल मशीनला एक मुळातला टाइमझोन असतो आणि तो साऱ्या प्रोग्रामला मिळून एकच असतो. बिल्ड सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतात. आर्थिक वर्ष तपासणाऱ्या एका टेस्टने तो बदलून भारतीय वेळ लावली आणि परत जागेवर ठेवला नाही. आता तिच्यानंतर चालणारी ठेवीची टेस्ट घ्या. १ एप्रिलला पहाटे २ वाजता ऑनलाइन ठेव जमा झाली. भारतीय वेळेने ती नव्या आर्थिक वर्षात पडते. यूटीसीत मात्र तेव्हा ३१ मार्चच्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, म्हणजे जुने वर्ष. प्रणालीने टाइमझोन स्वतः न सांगता मशीनचा धरला असेल, तर आधीच्या टेस्टच्या उरलेल्या टाइमझोनमुळे ही टेस्ट पास होत राहील आणि तो बग थेट ग्राहकांच्या व्याजपत्रकात उतरेल. टेस्ट विनाकारण फेल झाली तर वेळ जातो. अशी विनाकारण पास झाली तर लोकांच्या पैशाचा हिशेब चुकतो. सामायिक डेटाबद्दल मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे, ते या दुसऱ्या कारणासाठी.

मग लोक डेटा सामायिक करतातच का? आळस हे त्याचे उत्तर नाही. डेटाबेस उभा करायला, त्यात तक्ते तयार करायला, स्प्रिंगसारखी चौकट सुरू व्हायला वेळ लागतो. दोन हजार टेस्ट असतील आणि प्रत्येकीआधी पाच सेकंद गेले, तर पावणेतीन तास नुसत्या तयारीत जातील. असा बिल्ड कोणी दिवसातून दहा वेळा चालवणार नाही. म्हणून एकदाच तयारी करून सगळ्यांनी ती वापरणे, हा अगदी व्यवहारी विचार होता. २००२ च्या सुमाराला आलेल्या डीबीयुनिटसारख्या साधनांनी तो सोपा केला. एक्सएमएल फाइलीत तक्त्यांच्या ओळी लिहायच्या आणि साधन त्या डेटाबेसमध्ये भरणार.

अशा फाइली वाढतात कशा, हे पतसंस्थेच्या उदाहरणातच दिसेल. आधी बारा खाती होती. शाखेतली एकूण खाती मोजणाऱ्या टेस्टने १२ हा आकडा धरला. मग नव्या आलेल्या मुलीला निष्क्रिय खात्याची टेस्ट लिहायची होती. तिने तेरावे खाते घातले आणि तिचा काहीही संबंध नसलेली मोजणीची टेस्ट फेल झाली. तिने १२ चे १३ केले. पुढच्याने जामीनदार हवा म्हणून १०१ लाच जामीनदार जोडला, कारण नवे खाते घालायची आता भीती वाटते. वर्षभरात १०१ हे बचत खाते असते, त्यावर कर्ज असते, त्याला वारस असतो, त्याचा मोबाइल क्रमांक मुद्दाम चुकीचा असतो, आणि यातली कोणती गोष्ट कोणत्या टेस्टसाठी आहे हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

जेरार्ड मेझारोस यांनी २००७ मध्ये टेस्ट लिहिण्याच्या पद्धतींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात या रोगाच्या दोन लक्षणांना नावे दिली आहेत. एक म्हणजे सर्वांसाठी केलेली आणि म्हणून कोणालाच नीट न बसणारी भली थोरली तयारी. दुसरे म्हणजे गूढ पाहुणा. टेस्टचा निकाल ज्या गोष्टीवर ठरतो, ती टेस्टमध्ये कुठे लिहिलेलीच नसते, भलत्याच फाइलीत असते. व्याजाच्या टेस्टमध्ये फक्त 'खाते १०१ चे व्याज २०० यावे' एवढे वाचून कोणाला काय समजणार? २०० का, १५० का नाहीत? शिल्लक आणि दर त्याच ठिकाणी दिसले असते, तर पतसंस्थेच्या कारकुनानेही टेस्ट वाचून बरोबर की चूक ते सांगितले असते.

माझे म्हणणे इथे येते. टेस्टनी आपसांत डेटा घडवण्याची रीत वाटून घ्यावी, घडलेला डेटा वाटून घेऊ नये. पाककृतीचे पुस्तक सगळ्या घराने वापरावे, पण ताट प्रत्येकाचे वेगळे असावे.

ही रीत कशी लिहायची, याचे दोन प्रकार जावाच्या जगात रुळले आहेत. पहिला थॉटवर्क्स या कंपनीतल्या एका प्रकल्पात जन्मला आणि पीटर शू व स्टेफनी पंक यांनी २००१ मध्ये तो निबंधरूपाने मांडला. त्याचे नाव ऑब्जेक्ट मदर. एक क्लास करायचा आणि त्याला मागायचे, की मला एक साधे बचत खाते दे, एक थकीत कर्जदार दे. तो दर वेळी नवा ऑब्जेक्ट तयार करून देतो. सुरुवातीला हे फार सुखाचे वाटते. पण थकीत कर्जदार, थकीत पण जामीनदार असलेला कर्जदार, थकीत, जामीनदार असलेला आणि निष्क्रिय खात्याचा कर्जदार, अशी मेथडची रांग लांबत जाते. नॅट प्राइस यांनी २००७ मध्ये मांडलेला बिल्डर हा त्यावरचा उतारा. त्यात सगळ्या गोष्टींना चालतील अशी मुळातली मूल्ये दिलेली असतात आणि टेस्टने आपल्याला महत्त्वाचे तेवढेच बदलायचे असते. जावामध्ये मेथडची नावे देवनागरीत देता येतात, त्यामुळे हे मराठीतच दाखवता येईल:

एकखाते().निष्क्रिय().जामीनदारासह().घडवा();

ही ओळ जावाचा कंपायलर बिनतक्रार स्वीकारतो. हिच्यात खातेदाराचे नाव नाही, पत्ता नाही, शाखा नाही. ते सारे बिल्डर स्वतः भरतो. या टेस्टसाठी खाते निष्क्रिय असणे आणि त्याला जामीनदार असणे एवढेच महत्त्वाचे आहे, हे वाचणाऱ्याला एका ओळीत कळते. खाते क्रमांकही बिल्डरने स्वतः द्यावा, दर वेळी नवा. मग १०१ वरून भांडण उरत नाही. मोजणीची टेस्टही बदलावी लागते. 'यादीत १२ खाती आहेत का' असे विचारण्याऐवजी 'मी आत्ता घातलेली दोन खाती यादीत आहेत का आणि बंद केलेले नाही ना' असे विचारावे. मग डेटाबेसमध्ये शेजारच्या टेस्टने काहीही ठेवलेले असो, हिचे अडत नाही.

बिल्डर लिहिला, की पुढचा प्रश्न येतो तो कुठे ठेवायचा. मोठा जावा प्रकल्प एका तुकड्यात नसतो. खाती, कर्जे, अहवाल अशी त्याची मॉड्यूल असतात. खात्याचा बिल्डर खाती मॉड्यूलच्या टेस्टच्या फोल्डरमध्ये लिहिला जातो, पण कर्जांच्या टेस्टनाही खाते लागतेच. मेव्हनच्या नियमाने टेस्टच्या फोल्डरमधला कोड मॉड्यूलच्या जार फाइलीत जात नाही, त्यामुळे कर्जे मॉड्यूलला तो दिसत नाही. पहिला मोह असतो कॉपी करून चिकटवण्याचा. सहा महिन्यांत दोन बिल्डर दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात. एकाला खात्याला पॅन क्रमांक सक्तीचा झाल्याचे माहीत असते, दुसऱ्याला नसते.

मेव्हन यावर टेस्ट-जार नावाची सोय देते. टेस्टच्या फोल्डरचीच वेगळी जार बनते आणि दुसरे मॉड्यूल ती टेस्टपुरती वापरते. सोय झटपट आहे, पण तिच्याबरोबर नको ते पुष्कळ येते. त्या जारमध्ये बिल्डरच्या जोडीने खाती मॉड्यूलच्या साऱ्या टेस्ट आणि त्यांच्या संसाधन फाइलीही असतात. दोन्ही मॉड्यूलमध्ये एकाच नावाची डेटा फाइल किंवा एकाच नावाची सेटिंगची फाइल असेल, तर क्लासपाथवर जी आधी सापडेल ती वापरली जाते आणि दुसरीकडे कोणी पाहतही नाही. शिवाय टेस्टपुरती जाहीर केलेली अवलंबित्वे पुढे झिरपत नाहीत. खात्याचा बिल्डर एखादी लायब्ररी वापरत असेल तर कर्जे मॉड्यूलने ती पुन्हा स्वतः जाहीर करायची. म्हणून मेव्हनची मंडळी स्वतःच सुचवतात, की सामायिक टेस्ट कोडचे वेगळे मॉड्यूल करा आणि त्यात तो मुख्य कोडच्या फोल्डरमध्ये ठेवा. बाकीची मॉड्यूल ते टेस्टपुरते म्हणून जोडतील. हेच मला योग्य वाटते. फक्त 'टेस्टपुरते' हा शब्द लिहायला एका जरी मॉड्यूलमध्ये विसरले, तर खोटे खातेदार तयार करणारा कोड थेट ग्राहकाच्या सर्व्हरवर जातो. तेव्हा ही गोष्ट बिल्डमध्येच आपोआप तपासलेली बरी.

या मार्गात एक खरोखरची गाठ आहे. मदतीचे मॉड्यूल खाते क्लास वापरते, म्हणून ते खाती मॉड्यूलवर अवलंबून असते. खाती मॉड्यूलच्या स्वतःच्या टेस्टना बिल्डर हवा, म्हणून ते मदतीच्या मॉड्यूलवर अवलंबून असते. मेव्हन असे वर्तुळ मान्य करत नाही, अवलंबित्व टेस्टपुरते असले तरी नाही. मग खाते, खातेदार, व्यवहार असे मूळ क्लास आणखी एका लहान मॉड्यूलमध्ये काढावे लागतात, किंवा बिल्डर लागणाऱ्या टेस्ट बाहेरच्या मॉड्यूलमध्ये न्याव्या लागतात. ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड साधनाने २०१९ मध्ये ५.६ या आवृत्तीत टेस्ट फिक्स्चर्स नावाचे प्लगइन आणून ही गाठ सोडवली. एकाच मॉड्यूलमध्ये मुख्य कोड आणि टेस्ट यांच्यामध्ये तिसरे फोल्डर. ते मुख्य कोड पाहू शकते. त्याच मॉड्यूलच्या टेस्ट आणि इतर मॉड्यूलच्या टेस्ट त्याला पाहू शकतात, मुख्य कोड मात्र त्याला पाहू शकत नाही. त्याची अवलंबित्वेही त्याच्याबरोबर नीट पुढे जातात. नवा प्रकल्प सुरू करणाऱ्याला फक्त एवढ्यासाठी ग्रेडल घे, असे मी म्हणणार नाही, पण पारड्यात हे वजन जरूर टाकावे.

डेटाबेसचा प्रश्न उरतोच. स्प्रिंगमध्ये टेस्टला डेटाबेसच्या व्यवहाराच्या (ट्रान्झॅक्शनच्या) आत चालवून शेवटी सगळे मागे फिरवता येते. टेस्टने घातलेल्या ओळी टेस्ट संपताच नाहीशा होतात. हे उत्तम आहे, पण त्याच्या मर्यादा ठाऊक हव्यात. क्रमांक देणारा सिक्वेन्स मागे फिरत नाही, म्हणून 'पहिल्या खात्याचा क्रमांक १ असेल' असे धरलेली टेस्ट फसते. डेटाबेसशी बोलणारी हायबरनेट ही लायब्ररी बदल शेवटपर्यंत स्वतःजवळ धरून ठेवत असेल, तर डेटाबेसचा नियम मोडणारी ओळ डेटाबेसपर्यंत पोचतच नाही आणि टेस्ट पास होते. आणि टेस्ट खरा सर्व्हर सुरू करून त्याला बाहेरून विनंती पाठवत असेल, तर ती विनंती वेगळ्या थ्रेडवर, वेगळ्या व्यवहारात चालते. तिथे मागे फिरवण्याचा काही उपयोग नाही.

रिचर्ड नॉर्थ यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या टेस्टकंटेनर्सने चित्र बरेच बदलले. डॉकरच्या मदतीने टेस्टसाठी खरा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल उभा करायचा आणि काम झाल्यावर टाकून द्यायचा. पूर्वी साऱ्या टीमसाठी मिळून टेस्टचा एकच डेटाबेस असे आणि दोघांनी एकाच वेळी टेस्ट चालवल्या, की एकाच्या ओळी दुसऱ्याच्या पायात येत. ते संपले. इथेही कंटेनर सहसा प्रत्येक टेस्टला नवा करत नाहीत. सगळ्या टेस्टसाठी एकच करतात. उभा करायला महाग आणि टेस्टमुळे न बदलणारी गोष्ट खुशाल सामायिक ठेवावी. डेटाबेसचा सर्व्हर, तक्त्यांची रचना, पिनकोडची यादी, शाखांचे आयएफएससी कोड या सगळ्या अशा गोष्टी आहेत. बदलणारी गोष्ट स्वस्त असेल तर प्रत्येकीने आपापली करावी, आणि खात्याची एक ओळ घालायला क्षणाचाही वेळ लागत नाही. न बदलणारी गोष्ट खरोखरच बदलू न देण्याची सोयही आता भाषेतच आहे. २०१७ च्या जावा ९ मध्ये बदलता न येणाऱ्या याद्या सहज करता येऊ लागल्या, २०२१ च्या जावा १६ मध्ये रेकॉर्ड पक्के झाले. अशी यादी कोणी बदलायला गेले, की बदलणारीच टेस्ट फेल होते. फाशी चोरालाच होते.

खऱ्या ग्राहकांचा डेटा उचलून टेस्टसाठी वापरण्याबद्दल एवढेच सांगतो, की तसे करू नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी कोणाच्या कर्जाची थकबाकी वीस डेव्हलपरांच्या लॅपटॉपवर असण्याचे कारण नाही. बिल्डर असला की तो मोहही होत नाही.

जुना प्रकल्प हाती आला, तर मोठी फाइल एका रविवारी पुसून टाकता येत नाही. पण बेभरवशाच्या टेस्टवर सर्रास जो उपाय होतो, तो करू नये. 'परत रन कर ना, होईल पास' हे वाक्य प्रत्येक टीममध्ये ऐकू येते, आणि शुअरफायरमध्ये तर फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवण्याची सेटिंगही आहे. गूगलने २०१६ मध्ये जाहीर केले होते, की त्यांच्याकडे टेस्ट चालवण्याच्या सुमारे दीड टक्का वेळा निकाल बेभरवशाचा येतो आणि जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये हा दोष काही ना काही प्रमाणात आहे. एवढ्या साधनसंपत्तीच्या कंपनीला पुन्हा चालवून तो झाकता येईल. पाच जणांच्या टीममध्ये मात्र लाल रंगाची सवय झाली, की खरा बगही त्याच सवयीने निसटतो. क्रमाचे आकडे लावून टेस्ट ओळीने उभ्या करणे हाही उपाय नाही. त्याने अवलंबित्व कायमचे होते.

करायचे ते उलटे. टेस्ट मुद्दाम उलटसुलट क्रमाने चालवाव्यात. जेयुनिट ५ मध्ये यादृच्छिक क्रमाची सोय आहे आणि ज्या बीजावरून तो क्रम निघाला ते बीज लॉगमध्ये मिळते. तेच बीज पुन्हा दिले, की तोच क्रम परत मिळतो. एखादी टेस्ट फेल झाली, की तिच्या आधी चाललेल्या टेस्टची यादी अर्धी करायची आणि कोणत्या अर्ध्यात ती फेल होते ते पाहायचे. मग त्याचे अर्धे. हजार टेस्ट असल्या तरी बिघडवणारी टेस्ट दहाएक फेऱ्यांत हाती येते. टाइमझोनसारखी गोष्ट सामायिकच असणे भाग असेल, तर जेयुनिटमध्ये तिच्यावर कुलूप जाहीर करता येते. मग टेस्ट समांतर चालल्या तरी ती गोष्ट वापरणाऱ्या दोन टेस्ट एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. इलिनॉयच्या संशोधकांचे एक निरीक्षण इथे उपयोगी पडते. बिघडलेली स्थिती जागेवर आणणारा कोड अनेकदा त्याच प्रकल्पातल्या दुसऱ्या एखाद्या टेस्टमध्ये आधीच लिहिलेला असतो. नवे काही लिहिण्याआधी तो शोधावा.

आणि मोठ्या फाइलीचे काय? पहिल्या दिवशी तिला गोठवावे. नव्या टेस्टने तिला हात लावायचा नाही, नवी टेस्ट बिल्डर वापरेल. जुनी टेस्ट ज्या दिवशी काही कारणाने उघडावी लागेल, त्या दिवशी तिला लागणारे खाते तिच्यातच बिल्डरने घडवायचे आणि फाइलीतल्या ज्या ओळीला आता कोणीच वापरत नाही, ती पुसायची. कोणीच वापरत नाही हे अंदाजाने ठरवायचे नाही. ओळ पुसून साऱ्या टेस्ट चालवून पाहायच्या, यादृच्छिक क्रमाने, दोनतीन वेळा. सगळ्यात शेवटी जातात त्या १०१ च्या ओळी, कारण तिथे सगळ्यांचे पाय अडकलेले असतात. आधी जामीनदार सुटतो, मग वारस, मग कर्ज. फाइलीत उरतात त्या पिनकोडच्या आणि शाखांच्या याद्या, आणि त्या तिथेच राहू द्याव्यात.